ट्रान्स्फरकाका

आमच्या सोसायटीत माणूस वारला, की रडारड ओसरायच्या आत ट्रान्स्फरकाका दाराशी येतात. काखेत निळी फाईल. दोन मिनिटं मान खाली घालून उभे राहतात आणि मग घरातल्या त्यातल्या त्यात सावरलेल्या माणसाला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणतात, "मृत्यूचे दाखले दहा काढा. लोक दोन काढतात आणि मग वणवण फिरतात." त्यात वाईट हेतू काडीचाही नसतो. हार आणणारे पुष्कळ असतात, दहा दाखल्यांची आठवण करणारा हा एकच. तीन महिन्यांनी बँकेत आठवा दाखला देताना लोकांना काका आठवतात आणि डोळे भरून येतात.

त्यांचं खरं नाव लेटरबॉक्सवर आहे. ते कुणी वाचत नाही. तेहतीस वर्षं सरकारी नोकरीत त्यांनी नोंदींच्या टेबलावर काढली आणि निवृत्त झाले ते फक्त पगारापुरते. टेबल त्यांच्याबरोबर घरी आलं. आता ते लिफ्टशेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या मालमत्तेची चौकशी करतात. आपण 'काय काका, बरं आहे ना?' म्हणावं तर उत्तर येतं, "माझं बरं आहे. तुमचं नॉमिनेशन भरलंय का? तीन प्रतींत?"

जगात माणसं दोन जातींची असतात अशी त्यांची खात्री आहे: देणारे आणि घेणारे. आणि मधे एक फॉर्म.

तशी आमची एव्हरशाईन सिटी काकांसाठी बरोबर जागा आहे. वसई स्टेशनातून पूर्वेला उतरून शेअर रिक्षात तिसऱ्या सीटवर अर्धं बूड टेकवून जो येतो, तो कुठून ना कुठून इकडे आलेलाच असतो. कुणी लालबागची खोली विकून, कुणी भाऊबंदकीला कंटाळून, कुणी अंधेरीचं भाडं परवडेना म्हणून. आमच्या मजल्यावर रत्नागिरी, कोट्टायम, जौनपूर आणि भावनगर एकाच पॅसेजमध्ये चपला काढतात. प्रत्येकाकडे करारनाम्याची एक पिवळी पडलेली चळत आहे आणि तिच्यावर 'जिल्हा ठाणे' लिहिलेलं आहे. नवा माणूस ते बघून घाबरतो. काका त्याला धीर देतात, "चूक नाही ती. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014ला झाला, तुमचा दस्त त्याआधीचा. महापालिका तरी कुठे होती? ती 3 जुलै 2009ची." या दोन तारखा ते बायकोच्या वाढदिवसापेक्षा जास्त खात्रीनं सांगतात. काकूंनी हे मला स्वतः सांगितलंय.

वसईचा इतिहाससुद्धा त्यांना फक्त हस्तांतराच्या साखळीसारखा दिसतो. "1534ला गुजरातच्या बहादूरशाहानं वसई पोर्तुगिजांना लिहून दिली. कुठे? गलबतावर! कचेरी नाही, काही नाही. 1739ला चिमाजी अप्पांनी घेतली, ती जप्ती धरा. 1802ला दुसऱ्या बाजीरावानं इंग्रजांशी तह केला, तोही वसईतच." मग सुस्कारा. "एवढ्या व्यवहारांत एकदाही कुणी सोसायटीची एनओसी घेतली नाही."

एनओसीवर त्यांचा जीव आहे. खरं म्हणजे आदर्श उपविधींप्रमाणे सदनिका विकायला सोसायटीच्या ना हरकत दाखल्याची गरजच नाही, आणि ही गोष्ट आम्हाला सांगितली ती काकांनीच. वर म्हणाले, "कायद्यानं लागत नाही. पण असलेली बरी."

असा हा माणूस माझ्या मुलांच्या माइनक्राफ्टमध्ये शिरला, त्याची ही हकिकत.

चूक माझीच. माझा थोरला बारावी करून पुण्याला हॉस्टेलवर निघाला होता. त्याचं कपाट, सायकल, कॅरमबोर्ड, सगळ्याची वाटणी झाली होती. राहिली होती ती तीन दुकानं. माइनक्राफ्ट हा चौकोनी ठोकळ्यांच्या जगाचा खेळ. त्यात मुलं खाणी खणतात, घरं बांधतात, रात्री निघणाऱ्या हिरव्या क्रीपरनं ती उडवून दिली की पुन्हा बांधतात. बी विंगमधल्या कॉलेजच्या मुलानं या खेळाचा स्वतःचा सर्व्हर चालवला आहे. आसपासच्या सोसायट्यांतली पंचवीस-तीस मुलं त्यावर असतात आणि तिथं त्यांचा बाजार भरतो. दुकान म्हणजे एक लाकडी पेटी आणि तिच्यावर चार ओळींची पाटी. पाटीवर मालकाचं नाव, नग, भाव आणि माल. गिऱ्हाईक पाटीवर क्लिक करतं, खेळातले पैसे इकडे येतात, माल तिकडे जातो, मालक तेव्हा शाळेत मराठीच्या तासाला बसलेला असला तरी चालतं. थोरल्याचं एक दुकान पावाचं, एक लोखंडाचं आणि एक मंतरलेल्या पुस्तकांचं. त्या तिसऱ्यात 'मेंडिंग' नावाचं पुस्तक मिळतं. ते हत्याराला लावलं की हत्यार वापरता वापरता आपोआप दुरुस्त होतं. त्याला मागणी फार. हे तिन्ही गाळे त्याला सातवीतल्या धाकट्या बहिणीला द्यायचे होते.

हे मी लिफ्टची वाट बघताना कुणाला तरी फोनवर बोललो. "दुकानं तिच्या नावावर करायचीत, एवढंच राहिलंय," असं काहीसं. खुर्ची करकरली.

"गाळे?" काका म्हणाले. "कुठे घेतलेत? वसंत नगरीला?"

"अहो काका, गेममधले."

"म्हणजे कब्जा आहे, पण बांधकाम नाही?"

"बांधकाम आहे. पण कॉम्प्युटरमध्ये."

काकांनी क्षणभर विचार केला. त्यांच्या चेहऱ्यावर मला वाटलं तसा गोंधळ उमटला नाही. हल्ली सात-बारा कॉम्प्युटरमध्ये असतो, इंडेक्स टू कॉम्प्युटरमध्ये असतो, शेअर डीमॅटमध्ये असतात. कॉम्प्युटरमध्ये असलेली मालमत्ता खोटी असते असं त्यांना कुणी कधी शिकवलं नव्हतं. त्यांनी फाईल उघडली. "देणार कोण, घेणार कोण?"

संध्याकाळी ते घरी आले. थोरल्यानं लॅपटॉप पुढे केला आणि समजावलं, की आजोबा, यात काही नाही, अ‍ॅडमिननं पेटीकडे बघून 'सेटओनर' अशी आज्ञा टाइप करायची, पुढे ताईचं नाव, एंटर. एका सेकंदाचं काम. (धाकटीला आमच्या घरात सगळे ताई म्हणतात. का, ते विचारू नका.)

"एका सेकंदात?" काका खिन्न झाले. "आणि हरकती कधी मागवायच्या?"

"कसल्या हरकती?"

"तेच तर. मागवल्याशिवाय कसं कळणार?"

मी म्हटलं, काका, खेळ आहे हो, पोरांचा. इथं थोरल्यानं मलाच गप्प केलं. म्हणाला, बाबा, एन्ट्रोपिया युनिव्हर्स नावाच्या स्वीडिश खेळात जॉन जेकब्स या माणसानं 2005 साली एक लघुग्रह विकत घेतला, 1 लाख डॉलरला, खऱ्या. त्यासाठी खरं राहतं घर गहाण टाकलं. त्यावर नाइटक्लब काढला, गिऱ्हाइकांकडून पैसे घेतले आणि 2010मध्ये ती सगळी मालमत्ता तुकड्यातुकड्यानं 6 लाख 35 हजार डॉलरला विकली. क्लबचं नाव नेव्हरडाय. आमच्या एव्हरशाईनचा मावसभाऊ शोभेल असं नाव. मला नफ्याचा आकडा ऐकून गरगरलं. काकांनी मात्र एवढंच विचारलं, "तुकड्यातुकड्यानं विकली, तर पोटहिस्से पाडले असणार. मोजणी कुणी केली?"

पैशाचं नाव निघताच त्यांना दुसरी काळजी लागली. ऑगस्ट 2025मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, ती बातमी त्यांनी कात्रण करून ठेवली होती. तेव्हा आधी थोरल्याकडून साध्या कागदावर लिहून घेतलं, की सदर दुकानांत चालणारे पैसे सदर खेळाबाहेर पाव किलो बटाट्यालासुद्धा चालत नाहीत. मग पुढचा प्रश्न: हा खेळ मुळात कुणाचा? स्वीडनमधल्या मोजांग कंपनीनं काढला, 2011मध्ये पूर्ण स्वरूपात बाजारात आणला, 2014मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती कंपनी अडीच अब्ज डॉलरला घेतली, असं थोरल्यानं सांगितलं. काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे वरचा मालकसुद्धा बदललेला आहे! लिही, लिही. साखळी पूर्ण पाहिजे."

बहिणीला द्यायचं तर बक्षीसपत्र करा, असं मी सहज बोलून गेलो. काका माझ्याकडे दयेनं बघायला लागले. "बक्षीसपत्र दोनशे रुपयांच्या मुद्रांकावर होतं, असं व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलंत ना? ते नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना. भावानं बहिणीला दिलं तर ती सवलत नाही. आणि ती राहत्या घराला असते, शेतीला असते. गाळ्याला नाही."

"पण काका, मुद्रांक लागणारच नाहीये."

"लागला असता तर, असं म्हणतोय मी."

ही त्यांची आवडती क्रियापदाची रूपं. असता, असती, झालं असतं, आणि पुढे कोर्टात गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी ते सकाळीच आले, जागेची पाहणी करायला. धाकटीनं त्यांना खेळात एक बाहुला काढून दिला. त्याला कीबोर्डवरून चालवता चालवता काका दोनदा नदीत पडले आणि एकदा कुणाच्या तरी डुकरांच्या गोठ्यात शिरले. पण बाजारात पोचल्यावर तरबेज झाले. दुकानं 'स्पॉन'जवळ आहेत, म्हणजे नवा खेळाडू पहिल्यांदा जिथं उगवतो तिथं, हे कळल्यावर म्हणाले, "म्हणजे स्टेशनला लागून. भाव असणारच." जमीन आपली कशी करतात, विचारलं. धाकटी म्हणाली, सोन्याचं फावडं घ्यायचं, एका कोपऱ्यावर टेकवायचं, मग समोरच्या कोपऱ्यावर टेकवायचं, मधली जागा आपली. आणि दुसऱ्याची आहे का हे बघायचं तर हातात काठी घेऊन जमिनीवर क्लिक करायचं. हद्द दिसते आणि मालकाचं नाव येतं.

"काठी?" काका.

"हो, साधी लाकडाची."

काकांनी काठी घेतली. जमिनीला लावली. हद्दीच्या खुणा चमकल्या आणि पडद्यावर ओळ आली, की ही जागा अमक्याची आहे. मी बघतच राहिलो. काकांचे डोळे पाणावले होते. मोजणीचा अर्ज, तातडीची फी, भूमापक, शेजाऱ्यांना नोटिसा, पाऊस आला म्हणून पुढची तारीख, आणि इथं पोरं काठी टेकवतात आणि जमीन मालकाचं नाव बोलते. त्या दिवशी त्यांनी सबंध बाजार काठीनं ठोकून काढला. दुपारी काकू जेवायला बोलवायला आल्या तर हे म्हणाले, "थांब गं, ईशान्य कोपरा राहिलाय."

आणि तिथंच त्यांना ते सापडलं. गंमत म्हणून ही गोष्ट सांगायला घेतली, पण इथं मला काकांना हात जोडावे लागतात. दुकान आणि दुकानाखालची जमीन या सर्व्हरवर दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'सेटओनर'नं पेटी बदलते, पाटी बदलते. जमीन ज्यानं फावड्यानं आखली त्याचीच राहते. ती हलवायला अ‍ॅडमिनला वेगळी आज्ञा द्यावी लागते. म्हणजे एका सेकंदाच्या त्या व्यवहारानंतर धाकटी दुकानाची मालकीण झाली असती आणि त्याच दुकानाशेजारी साधा दिवा लावायला तिला दादाची परवानगी लागली असती. दादा पुण्यात, सबमिशनमध्ये बुडालेला. त्यातून सर्व्हरचा नियम, की जो साठ दिवस फिरकला नाही त्याची जमीन मोकळी होते. म्हणजे दिवाळीच्या आतच सी विंगमधलं एखादं पोर फावडं घेऊन आलं असतं आणि दुकानाच्या खालून जमीन काढून घेतली असती.

"अभिहस्तांतरण!" काका खुर्चीवरून उठलेच. "इमारत एकाची, जमीन दुसऱ्याची! अहो, इथंही तेच!"

'इथंही' याला कारण आहे. आमच्या स्वतःच्या इमारतीखालची जमीन अजून सोसायटीच्या नावावर झालेली नाही. 1963च्या मोफा कायद्यात विकसकानं ती करून द्यायची असते. नाही दिली तर 2008च्या दुरुस्तीपासून मानीव अभिहस्तांतरणाची सोय आहे. सगळं काकांना पाठ आहे. अडलंय ते आमच्यापाशीच. दोन सभासदांचे मूळ करारनामे सापडत नाहीत आणि ते दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. काका चार वर्षं त्या दोघांच्या दारांच्या मधे उभे आहेत.

खऱ्या जगात जे जमलं नाही ते खेळात करायचं, असं काकांनी ठरवलं. मग काय विचारता! खेळातला प्रत्येक शब्द त्यांनी आपल्या भाषेत आणला. जागेवर दुसऱ्याला बांधकामाची मुभा देणारी 'ट्रस्ट' ही आज्ञा, ते कुलमुखत्यारपत्र. 'कंटेनर ट्रस्ट' म्हणजे फक्त पेट्या उघडायची परवानगी, ते लीव्ह अँड लायसन्स. 'परमिशन ट्रस्ट' म्हणजे मुखत्यारानं पुढे आणखी मुखत्यार नेमायचे. "हे कुणाला देऊ नका," त्यांनी मुलांना बजावलं. "यातून फार घरं गेली आहेत." नावाचा प्रश्न निघाला. धाकटीचं खेळातलं नाव 'पांडाक्वीन'. काकांना स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव, आधारप्रमाणे, असं पाटीवर हवं होतं. खेळात नाव सोळा अक्षरांपलीकडे जात नाही आणि पाटीवर तेवढंही कष्टानं मावतं. शिवाय ते बदलताही येतं, राजपत्रात जाहिरात न देता, दर तीस दिवसांनी. काकांना रात्रभर झोप लागली नसावी. सकाळी बी विंगमधल्या अ‍ॅडमिननं सांगितलं, की नाव बदललं तरी प्रत्येक खेळाडूचा खेळाकडून मिळालेला एक बत्तीस अंकी-अक्षरी क्रमांक असतो, तो जन्मात बदलत नाही. काकांनी ते बत्तीसच्या बत्तीस निळ्या फाईलमध्ये स्वतःच्या हातानं उतरवून घेतले, दोनदा ताडून बघितले आणि शेवटी 'अक्षरी' असं लिहून थांबले. अक्षरी कसं लिहायचं, ते त्यांनाही कळेना.

नोटीस लागली. पंधरा दिवसांची. खेळातल्या बाजारात एक पाटी, आणि आमच्या लिफ्टजवळच्या फळ्यावर पाण्याच्या टँकरच्या वेळापत्रकाशेजारी टंकलिखित कागद: 'सदर तीन गाळ्यांच्या हस्तांतरास कोणाची हरकत, बोजा, गहाण अथवा अन्य हक्क असल्यास...' तो वाचून पहिल्या मजल्यावरच्या आजी घाबऱ्या घाबऱ्या वर आल्या. त्यांना वाटलं, आम्ही दिवाळं काढलं.

आणि हरकत आली! सी विंगमधल्या आठवीतल्या पोरानं वहीच्या कागदावर लिहून दिलं, की त्यानं थोरल्याला 'मेंडिंग'च्या पुस्तकासाठी लोखंडाच्या दोन थप्प्या आगाऊ दिल्या आहेत, पुस्तक मिळालेलं नाही. एक थप्पी चौसष्टची, म्हणजे 128 विटा. काकांनी तो कागद असा धरला जसा कुणी नातवाचा पहिला फोटो धरतो. "बघा! बोजा निघाला की नाही?" सुनावणी झाली, जिन्यात, रविवारी सकाळी. दोन्ही पक्ष हजर. थोरल्यानं कबूल केलं, पुस्तक दिलं, पोरानं काकांच्या सांगण्यावरून 'माझी आता कसलीही तक्रार राहिलेली नाही' असं लिहून दिलं. त्यात 'कसलीही'ला पहिली वेलांटी दिली म्हणून पुन्हा लिहायला लावलं.

थोरला एव्हाना वैतागला होता. पुण्याला जायला आठ दिवस राहिले होते. काकांनी त्याला मुंबईचा दाखला दिला. "1661ला लग्नात मुंबई इंग्रजांच्या राजाला आंदण दिली. ताबा कधी मिळाला? 1665ला! गोव्याचा गव्हर्नर द्यायलाच तयार नव्हता. काय काय दिलंय यावरच वाद. आणि 1668ला राजानं ती कंपनीला दिली, वर्षाला दहा पौंड भाड्यानं. कागद नीट केला असता तर चार वर्षं गेली नसती." थोरला म्हणाला, "आजोबा, माझी गाडी चार वर्षं थांबणार नाही." तरी बसला बिचारा. मला वाटतं, घर सोडायच्या आधी कुणीतरी आपल्या तीन पेट्यांना एवढं मानतंय, हे त्याला आतून आवडत होतं.

मग मसुदा. दोन रात्री काका लिहीत होते. 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' ठरले होते, चतुःसीमा ठरल्या होत्या (पूर्वेस कुणाचं तरी कलिंगडाचं शेत, पश्चिमेस लाव्हा). अडलं ते शीर्षकापाशी. खरेदीखत नाही, पैसे नाहीत. बक्षीसपत्राची सवलत बसत नाही, म्हणून ते मनाला पटेना. शेवटी त्यांनी लिहिलं: हक्कसोडपत्र.

सहीच्या दिवशी आमच्या हॉलमध्ये थोरला, धाकटी, अ‍ॅडमिन, साक्षीदार म्हणून मी आणि काकू. काकांनी कागद वाचून दाखवला आणि सवयीनं पेन धाकटीच्या हातात दिलं. "कर बाळा, इथं, इथं आणि इथं."

तिनं पेन घेतलं, कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "आजोबा, हक्क दादा सोडतोय ना? मग सही मी का करू?"

हॉलमध्ये पंखा फिरत होता तेवढाच.

"खरंच की," काका म्हणाले. पेन तिच्या हातातून काढून घेतलं, पण थोरल्याकडे दिलं नाही. नुसतं टोपण लावत-काढत बसले. मग काकूच बोलल्या. "यांची सवय आहे ती. तेहतीस वर्षं बहिणीच सह्या करत होत्या. आमच्याकडेही तिघींनी केल्या की. भाऊबीजेला, ओवाळून झाल्यावर." काका म्हणाले, "तेव्हा रीतच तशी होती." काकू म्हणाल्या, "1994चा मुलींच्या वाट्याचा कायदा तुम्हीच मला वाचून दाखवला होतात. नंतर." आणि उठून चहा टाकायला गेल्या, आमच्या स्वयंपाकघरात, स्वतःचं असल्यासारख्या.

काकांनी पेन थोरल्याला दिलं. त्यानं तीन ठिकाणी सही केली. काका ती शाई वाळेपर्यंत बघत राहिले आणि मग मला म्हणाले, "भावानं बहिणीला सोडलेला मी पाहिलेला हा पहिला दस्त. खोटं नाही सांगत."

आता फक्त मूळ काम राहिलं होतं. अ‍ॅडमिननं पेट्यांसमोर उभं राहून तीन वेळा आज्ञा टाइप केली, मग जमिनीची एकदा. पाट्यांवरचं नाव बदललं. सगळं मिळून चहाला उकळी येईपर्यंत आटोपलं.

"झालं?" काकांनी विचारलं.

"झालं."

"पावती?"

यावर धाकटीचं उत्तर तयार होतं. खेळात पुस्तक आणि पीस मिळतं. त्यात आपण लिहायचं आणि शेवटी सही करायची. सही केली की पुस्तक बंद. त्यातला काना-मात्रा लिहिणाऱ्यालाही बदलता येत नाही. त्याची प्रत काढता येते आणि तिच्यावर खेळ आपोआप लिहितो, की ही मूळची प्रत. त्या प्रतीचीही प्रत निघते, तिच्यावर लिहिलेलं असतं, प्रतीची प्रत. तिच्यापुढे प्रत निघतच नाही. हे ऐकताना काकांनी कप खाली ठेवला. "कोण आहे हा माणूस ज्यानं हे केलं?" त्यांनी विचारलं. "आपल्या खात्यातला असणार."

धाकटीनं काकांचा सबंध मसुदा, मराठीच पण इंग्रजी अक्षरांत, जशी ही मुलं लिहितात तसा, पुस्तकात उतरवून ठेवला होता. तिनं सगळ्यांदेखत सही केली. प्रती काढल्या. मूळ पुस्तक स्वतःच्या पेटीत ठेवलं. एक प्रत दादाला दिली, एक अ‍ॅडमिनला. आणि काकांच्या बाहुल्याकडे, काठी घेऊन उभ्या असलेल्या, तिनं प्रतीची प्रत टाकली.

"मला शेवटची?" काका म्हणाले.

"तुम्ही पक्षकार नाही ना, आजोबा."

काकांनी मान डोलावली. हे त्यांना पटण्यासारखं होतं. बाहुल्यानं पुस्तक उचललं. काकांनी चष्मा वर सरकवला आणि पान पान उलटत वाचायला घेतलं. लिहून देणार, बरोबर. लिहून घेणार, बरोबर. चतुःसीमा, लाव्ह्यासकट बरोबर. शेवटच्या पानावर ते थांबले. पुन्हा पहिल्या पानावर गेले. पुन्हा शेवटच्या.

"ताई," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तारीख कुठे घातलीस?"

धाकटीनं जीभ चावली. थोरल्यानं कपाळाला हात लावला. सही झाली होती. आता कुणालाच काही घालता येत नव्हतं.

काकांनी निळी फाईल उघडली आणि कोरा कागद काढला.